नवजात अर्भक आणि मातापित्यांचा अहंकार

घरात मूल जन्मास आले की पहिल्या दोनचार दिवसांतच त्याची वाटणी सुरू होते. नाक आजोबांचे, कपाळ आईचे, बोटे आत्याची, आणि रडण्याचा स्वर तर हुबेहूब बापाचा, असे प्रत्येक आप्त मोठ्या हौसेने ठरवून टाकतो. पाळण्यात निजलेल्या त्या जेमतेम तीन किलोग्रॅम वजनाच्या जीवाचे स्वतःचे म्हणून काही उरते की नाही, हा प्रश्न आनंदाच्या त्या भरात कोणास सुचत नाही. या कौतुकात गैर असे काही नाही. किंबहुना असे कौतुक ज्या मुलाच्या वाट्यास येत नाही, ते दुर्दैवीच म्हटले पाहिजे. तथापि या कौतुकाच्या पोटी एक समजूत दडलेली असते. मूल म्हणजे आपलेच दुसरे रूप, आपल्या इच्छांची पूर्ती, आपल्या कर्तबगारीचे प्रमाणपत्र, ही ती समजूत होय.

येथे अहंकार हा शब्द गर्व या अर्थाने योजलेला नाही. मूल रडले की 'मी कमी पडले', ते शांत झोपले की 'मी जिंकलो', ते दुसऱ्याच्या कडेवर राहिले की 'त्याला माझी ओढच नाही', असे प्रत्येक गोष्टीचे केंद्र स्वतःकडे ओढून घेण्याची जी प्रवृत्ती, तिला उद्देशून तो वापरला आहे. अत्यंत नम्र स्वभावाच्या आईबापांतही ती आढळते. नव्याने मातापिता झालेल्यांत ती अधिक असते, कारण त्यांना आपल्या योग्यतेविषयी खात्री वाटत नसते.

या प्रवृत्तीचे अतिशय कठोर रूप महाराष्ट्रात पाहावयास मिळाले आहे. मुलाची वाट पाहणाऱ्या घरात मुलगी जन्मली की तिचे नाव 'नकुशी' म्हणजे नको असलेली, असे ठेवण्याची चाल काही भागांत होती. मूल कोण आहे हे पाहण्यापूर्वीच आईबापांची निराशा त्याच्या नावावर कायमची कोरली जात असे. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा येथे जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने झालेल्या समारंभात अशा दोनशेहून अधिक मुलींनी नवी नावे घेतली. त्यांपैकी कित्येकींनी आपले नाव स्वतः निवडले. बहुसंख्य घरांत अपेक्षेचे ओझे इतके उघडे नसते, एवढाच फरक.

अर्भक काय घेऊन येते

नवजात अर्भक म्हणजे कोरी पाटी, तिच्यावर मोठ्यांनी लिहावे ते उमटते, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या प्रयोगांनी तिला छेद दिला. जन्मतःच अर्भकास सुमारे २० ते ३० सेंटीमीटर अंतरावरील वस्तू बऱ्यापैकी दिसते. स्तनपान करणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपासून आईचा चेहरा साधारणतः एवढ्याच अंतरावर असतो. त्यापलीकडचे जग त्याला धूसर असते. मुखाकृतीसारख्या रचनेकडे ते अन्य आकृतींपेक्षा अधिक वेळ पाहते व तिच्यामागे नजर फिरविते.

श्रवणाची कथा याहून मनोरंजक आहे. गर्भावस्थेच्या शेवटच्या महिन्यांत कान काम करू लागलेले असतात, त्यामुळे आईचा आवाज अर्भकाच्या परिचयाचा असतो. १९८० साली अमेरिकेत अँथनी डीकॅस्पर व विल्यम फायफर यांनी, तीन दिवसही पुरे न झालेल्या अर्भकांच्या तोंडी एक चोखणी दिली. चोखण्याच्या विशिष्ट लयीनुसार आईचा किंवा परक्या स्त्रीचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकू यावा, अशी योजना केलेली होती. अर्भकांनी आपली चोखण्याची लय अशी बदलली की आईचाच आवाज अधिक वेळा ऐकू यावा. डोळ्यांनी धड न पाहणारे मूल आपल्या परीने निवड करीत होते.

याच प्रयोगशाळेतून १९८४ साली आलेला दुसरा निष्कर्ष मात्र पित्यांच्या पचनी पडण्यास कठीण आहे. दोन पुरुषांच्या आवाजांतील फरक नवजात अर्भकास कळतो, परंतु आपल्या पित्याच्या आवाजास ते परक्या पुरुषाच्या आवाजाहून अधिक पसंती देत नाही. जन्मदाता या नात्याने पित्यास येथे कोणताही वारसाहक्क मिळत नाही. त्याची ओळख जन्मानंतर, त्याच्या वागण्यातूनच व्हावयाची असते.

हास्याविषयीही असाच भ्रम असतो. झोपेत अर्भकाच्या ओठांवर हसू उमटले की महाराष्ट्रातील आज्या सटवाईने हसविले असे म्हणतात, तर आईबाप ते आपल्याला पाहून हसले असे समजतात. शास्त्राच्या दृष्टीने यांत आजीबाईच सत्याच्या अधिक जवळ आहेत! पहिल्या काही आठवड्यांतील ते हसू मेंदूच्या अंतर्गत हालचालींतून, बहुधा झोपेत, आपोआप उमटते. समोरच्या माणसाला उद्देशून केलेले हास्य साधारणतः सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास दिसू लागते.

मुलामुलांत स्वभावाचा फरकही आरंभापासून असतो. अलेक्झांडर टॉमस व स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने न्यूयॉर्क येथे १९५६ पासून शंभराहून अधिक मुलांचे अनेक वर्षे निरीक्षण केले. त्यांपैकी सुमारे ४० टक्के मुले सहज सांभाळता येण्याजोगी, १० टक्के कष्टसाध्य आणि १५ टक्के नव्या गोष्टीस सावकाश सरावणारी होती, व उरलेली कोणत्याही एका गटात बसत नव्हती. अमुक स्वभाव चांगला किंवा वाईट असे त्यांनी म्हटले नाही. मुलाचा स्वभाव व घराची रीत यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुष्कळ अवलंबून असते, हे त्यांचे प्रतिपादन होते. 'ताईचा मुलगा रात्रभर झोपतो, आमचा का झोपत नाही' या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा 'तो ताईचा मुलगा नव्हे' एवढेच असते.

रडण्याचा अर्थ

आईबापांच्या अहंकारावर सर्वांत मोठा आघात होतो तो रडण्याने. पोट भरलेले, दुपटे कोरडे, अंगात ताप नाही, तरीही संध्याकाळ झाली की मूल रडू लागते व तास-दोन तास थांबत नाही. घरातील प्रत्येक वडीलधारी व्यक्ती वेगळे कारण सांगते. आईचे दूध पुरत नाही, आईने वातूळ खाल्ले, दृष्ट लागली. दोष मात्र सर्वांच्या मते आईचाच असतो, आणि हळूहळू तिलाही तसे वाटू लागते.

या रडण्याची मोजदाद झालेली आहे. बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझलटन यांनी ८० अर्भकांच्या मातांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या व त्यांचे फलित १९६२ साली प्रसिद्ध केले. दुसऱ्या आठवड्यात अर्भके दिवसाकाठी सरासरीने पावणेदोन तास रडत. हे प्रमाण वाढत जाऊन सहाव्या आठवड्याच्या सुमारास पावणेतीन तासांवर पोहोचे व बाराव्या आठवड्यापर्यंत बरेच उतरे. ही सर्व निरोगी मुले होती. आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटातील कुंग सान लोकांत अर्भकास दिवसभर अंगाशी बाळगतात व वरचेवर पाजतात. तेथेही आरंभीच्या आठवड्यांत रडण्याचा असा चढउतार आढळतो, असे रोनाल्ड बार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखविले. तेथील मुले प्रत्येक वेळी थोडाच काळ रडतात, हा भेद महत्त्वाचा आहे. परंतु रडण्याची मूळ चढण मुलाच्या वाढीचाच भाग असावी, असे यावरून दिसते.

मुलाला अधिक वेळ कडेखांद्यावर घेतल्याने रडणे कमी होते काय? १९८६ साली मॉन्ट्रियल येथील एका प्रयोगात तसे स्पष्ट आढळले, तर १९९५ साली इंग्लंडमध्ये केलेल्या प्रयोगात ते आढळले नाही. मूल जवळ घेणे चांगलेच, मात्र त्याने रडणे थांबलेच पाहिजे अशी अट घालून घेतल्यास तेच पुन्हा जयापजयाचे प्रकरण होऊन बसते.

या मुद्द्यावर विस्ताराने लिहिण्याचे कारण गंभीर आहे. रडणे हा आपला अपमान आहे असे वाटू लागलेला, झोपेवाचून थकलेला मोठा माणूस एखाद्या क्षणी मुलाला गदागदा हलवितो. अर्भकाचे डोके शरीराच्या मानाने जड असते व मानेचे स्नायू दुबळे असतात. अशा हिसक्यांनी मेंदूभोवतीच्या शिरा तुटून रक्तस्राव होतो, आणि मूल दगावते किंवा कायमचे अंध अथवा अपंग होते. हे करणारी माणसे बहुधा क्रूर नसतात, ती हतबल झालेली असतात. असा क्षण जवळ येत आहे असे वाटताच मुलाला सुरक्षित जागी उताणे निजवून दुसऱ्याच्या हवाली करावे, आणि घरात कोणी नसल्यास काही मिनिटे दूर जाऊन बसावे. पाळण्यात थोडा वेळ रडल्याने मुलास इजा होत नाही. मात्र तीन महिन्यांखालील मुलास ताप असेल, ते दूध ओढत नसेल, रडण्याचा आवाज क्षीण झाला असेल किंवा ते निपचित पडले असेल, तर विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे.

शास्त्रज्ञांचा अहंकार

अर्भकापुढे नम्र होण्याची गरज केवळ आईबापांस होती असे नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ साली लिहिलेल्या बालसंगोपनाच्या पुस्तकात मुलांना मांडीवर घेऊ नये, त्यांचे मुके घेऊ नयेत, सकाळी फार तर हस्तांदोलन करावे, असा उपदेश होता. न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रूबी किंग घड्याळाकडे पाहून चार-चार तासांनी दूध पाजावे व रात्री मुळीच पाजू नये, असे सांगत. किंग यांच्या कार्याने स्वच्छतेचा प्रसार झाला हे मान्य केले पाहिजे. परंतु भुकेची वेळ मुलाने ठरवावयाची नाही, ती डॉक्टरने ठरवावयाची, हा या शिकवणीचा गाभा होता. वस्तुतः अर्भकाचे जठर लहान असते, आईचे दूध लवकर पचते आणि मूल जितके वारंवार ओढील तितके दूध अधिक तयार होते. आज जागतिक आरोग्य संघटना मूल मागेल तेव्हा, दिवसा व रात्री, पाजावे असेच सांगते. ओठ चाळविणे, मूठ तोंडाशी नेणे, मान वळवून शोधणे ही भुकेची प्रारंभीची चिन्हे होत. रडणे हे उशिराचे चिन्ह आहे.

दुसऱ्या टोकाचा अतिरेकही पुढे झाला. अमेरिकेतील मार्शल क्लाउस व जॉन केनेल यांनी १९७२ साली २८ मातांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या मातांना पहिल्या तीन दिवसांत आपल्या मुलांबरोबर १६ तास अधिक मिळाले होते, त्या महिन्यानंतर मुलांशी अधिक जवळिकीने वागत असल्याचे आढळले. या कार्यामुळे प्रसूतिगृहांतील आई व मूल यांची ताटातूट थांबण्यास मोठी मदत झाली. पण जन्मानंतरचे पहिले काही तास हुकले की नाते कायमचे उणे राहते, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला. पुढील संशोधनात तसा कोणताही अटळ काळ सिद्ध झाला नाही. शस्त्रक्रियेने प्रसूत झालेल्या, आजारी पडलेल्या किंवा मूल दत्तक घेतलेल्या मातांच्या मनास मात्र निष्कारण टोचणी लागली.

पहिल्याच दर्शनी मायेचा पूर आला पाहिजे, हीदेखील स्वतःकडून केलेली एक अहंकारी अपेक्षाच आहे. लंडन येथे के. रॉबसन व आर. कुमार यांनी केलेल्या व १९८० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पहिलटकरणींपैकी सुमारे ४० टक्के मातांनी मूल प्रथम हाती घेताना आपल्याला विशेष काहीच वाटले नाही असे सांगितले. त्यांपैकी बहुतेकींची माया पहिल्या आठवड्याभरात उमलली. तथापि उदासीनता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप व भूक उडाली, किंवा स्वतःस वा मुलास इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर तो प्रसूतीनंतरचा नैराश्यविकार असू शकतो. भारतातील अनेक पाहण्यांचा २०१७ साली एकत्रित अभ्यास झाला, त्यात सुमारे २२ टक्के मातांत हा विकार आढळला. त्यास अहंकार किंवा नाटक म्हणणे हा शुद्ध अन्याय होय. त्यावर उपचार आहेत व ते वेळीच केले पाहिजेत.

संकेतांचे वाचन

या सर्व विषयाचे मर्म ज्यांना सापडले त्या मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ होत. त्यांनी १९५४-५५ मध्ये युगांडातील खेड्यांत व पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे घरोघर जाऊन माता व अर्भके यांचे दीर्घकाळ निरीक्षण केले. आईच्या संवेदनक्षमतेचे मोजमाप करताना त्यांनी चार गोष्टी पाहिल्या. मुलाचा संकेत आईच्या ध्यानात येतो काय, त्याचा अर्थ ती बरोबर लावते काय, तिची कृती त्यास अनुरूप असते काय आणि ती वेळेवर होते काय. यांतील दुसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. एन्सवर्थ यांच्या मते आईची स्वतःची इच्छा, मनःस्थिती किंवा घाई मध्ये आली की संकेताचा अर्थ विकृत होतो. आईला काम उरकावयाचे असते म्हणून मूल पेंगुळलेले दिसते. पाहुण्यांना मूल खेळताना दाखवावयाचे असते म्हणून त्याचा थकवा दिसत नाही. अहंकार बाजूस ठेवणे याचा प्रत्यक्ष व्यवहारातील अर्थ एवढाच, की समोर जे आहे ते आणि आपल्याला जे हवे आहे ते, यांतील भेद ओळखता यावा.

संकेत तरी कोणते? अर्भकाच्या दिवसात गाढ झोप, हलकी झोप, गुंगी, शांत जागृती, चुळबुळ व रडणे अशा सहा अवस्था एकामागून एक येत-जात असतात. डोळे उघडे, तेजस्वी, हातपाय स्थिर, ही शांत जागृतीची वेळ बोलण्या-पाहण्यास योग्य असते, आणि आरंभी ती एका वेळी काही मिनिटेच टिकते. मूल नजर दुसरीकडे वळवू लागले, जांभया देऊ लागले, बोटे फाकवू लागले, त्याला उचक्या लागल्या, तर त्याला विश्रांती हवी आहे असे समजावे. या क्षणी पुष्कळ आईबाप चेहरा आणखी जवळ नेतात, खुळखुळा अधिक जोराने वाजवितात. मुलाने पाठ फिरविली हे त्यांना सोसवत नाही. खरे तर नजर वळविणे हे अर्भकाचे स्वतःस सावरण्याचे जवळजवळ एकमेव साधन असते.

अचूकपणाचा हव्यासही येथे उपयोगी पडत नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांनी माता व काही महिन्यांची मुले यांच्या समोरासमोरच्या खेळांचे चित्रीकरण करून त्याचे क्षणाक्षणाने परीक्षण केले. सुदृढ नात्यांतही दोघांचा सूर जुळलेला काळ एकूण वेळेच्या जेमतेम एक तृतीयांश भरतो. उरलेल्या वेळात चुकामूक होते व ती पुन्हा सांधली जाते. ट्रॉनिक यांनी या सांधण्यासच महत्त्व दिले. इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ मध्येच, परिपूर्ण नव्हे तर पुरेशी चांगली आई मुलाच्या वाढीस हवी असते, असे मांडले होते. आरंभी ती जवळजवळ सर्वस्वी मुलाच्या गरजेप्रमाणे वागते व मूल जसे सोसू लागते तसतशी थोडी थोडी चुकते.

छातीची ऊब

नम्रतेमुळे प्राण वाचतात याचा सर्वांत ठळक दाखला कोलंबिया देशातून आला. बोगोटा येथील प्रसूतिरुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या मुलांची एवढी गर्दी होई की एकेका उबवणपेटीत अनेक मुले ठेवावी लागत, व त्यांच्यात संसर्ग पसरे. १९७८ साली डॉ. एद्गर रेय यांनी अशी मुले आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल अशी, उभी बांधण्यास आरंभ केला. याच पद्धतीस कांगारू मदर केअर असे नाव पडले. आई ही केवळ भेटीच्या वेळी येणारी पाहुणी, ही रुग्णालयांची समजूत तिने मोडीत काढली. डॉक्टर व परिचारिका यांना आपले स्थान थोडे मागे घ्यावे लागले, आणि ते सहजासहजी घडले नाही.

पुढे भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया या देशांत एक मोठा प्रयोग झाला. भारतातील त्याचे केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. १ किलोग्रॅम ते १.७९९ किलोग्रॅम वजनाची ३,२११ अर्भके त्यात होती. काहींना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवले, तर काहींना नेहमीच्या रीतीप्रमाणे प्रकृती स्थिरावल्यानंतर. अतिदक्षता विभागात पहिल्या गटास दिवसाकाठी सुमारे १७ तास ही ऊब मिळाली, दुसऱ्यास दीड तास. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार २८ दिवसांच्या आत पहिल्या गटातील १२ टक्के, तर दुसऱ्यातील १५.७ टक्के अर्भके दगावली. फरक इतका स्पष्ट होता की प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. सतरा तास छातीवर मूल घेऊन बसलेल्या आईस त्याच्याकडून ना हास्य मिळते, ना ओळख. तिने फक्त तेथे असावयाचे असते. तिला उठणे आवश्यक असते तेव्हा पिता, आजी किंवा मावशी हे काम करू शकतात, आणि मुलाला त्या छातीचीही तितकीच ऊब लागते.

पित्यांच्या शरीरावरही संगोपनाचा परिणाम होतो. फिलिपाइन्समधील सेबू येथील ६२४ तरुणांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पिता झाल्यावर टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण उतरते असे आढळले. रोज तीन तासांहून अधिक काळ मुलांची देखभाल करणाऱ्या पित्यांत ते, देखभालीत मुळीच भाग न घेणाऱ्यांपेक्षा कमी होते.

मूल पुढे कोणास आपले मानते, याचा शोध रूडॉल्फ शॅफर व पेगी इमर्सन यांनी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे घेतला. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कामगारवस्तीतील ६० अर्भके होती. सुमारे सातव्या-आठव्या महिन्यात मूल विशिष्ट व्यक्ती दूर गेली की रडू लागते, असे दिसून आले. ती व्यक्ती बहुधा आई असे. परंतु बऱ्याच घरांत मुलाची मुख्य ओढ त्याला न्हाऊमाखू घालणाऱ्या व भरविणाऱ्या व्यक्तीकडे नव्हती. ती कधी पित्याकडे होती, कधी आजीकडे, तर कधी शेजाऱ्याकडेही. त्या व्यक्ती मुलाजवळ किती तास असत याचा फारसा संबंध आढळला नाही. मुलाने साद घातली की त्या तत्परतेने ओ देत व त्याच्याशी आपण होऊन खेळत.